चिंच आणि मीठ

संगप्पांनी मोटारसायकलची टाकी मांडीवर आडवी घेतली, तिच्या तोंडात चिंध्यांचा बोळा ठासून बसवला आणि दोन्ही हातांनी ती गदागदा हलवायला लागले. आत टाकलेल्या जुन्या नटबोल्टांचा असा काही खडखडाट उठला, की स्वयंपाकघरात भाकरी थापणाऱ्या उमाबाईंचा हात परातीतच थांबला. हा आवाज आता रोजचा होता. सुरुवातीला गल्लीतले लोक विचारायचे, शेठ, काय चाललंय? आता कोणी विचारत नव्हतं. उमाबाईंचा हात मात्र रोज असाच थांबायचा.

"ऐकलीस का?" वसरीतून हाक आली. "चिंच आण आनखी. मूठभर बास."

उमाबाई बरणी घेऊनच बाहेर आल्या.

"वर्साची चिंच येका टाकीत घालताव का काय? सार कशाचं करू मी?"

"सार फुडल्या साली खाऊ. ही येकदा उजळू दे." संगप्पांनी कपाळावरचा घाम दंडाला पुसला. "रामकिशन मिस्त्री म्हनतो ॲसिड टाका. ॲसिड गंज खातंय आन संगं पत्राबी खातंय. चिंचंचं तसं न्हाई. तांब्या घासताना बघतीस की तू. जे काढायचं तेवढंच काढती."

त्यांनी बोळा ओढला आणि टाकी बादलीवर उपडी केली. नटबोल्टांबरोबर विटकरी रंगाचं घट्ट पाणी भदाभदा बाहेर आलं. मग मोबाईलची बॅटरी लावून ते टाकीच्या तोंडाशी एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिले, आणि म्हणाले, "बघ. बघ तरी!"

उमाबाई वाकल्या. सुरुवातीला याच टाकीत खपल्याच्या खपल्या दिसत होत्या. आता लाल फक्त कडेला, शिवणीपाशी उरलं होतं. बाकी सगळीकडे पांढरं लोखंड उघडं पडलं होतं. बाई गं, ही तर खरंच साफ होत चालली, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी बरणीचं झाकण घट्ट लावून टाकलं.

"चांगली झाली की," त्या म्हणाल्या.

"झाली म्हंजी? पंचमीला सरजाच्या दारात हीच गाडी उभी करतो का न्हाई बघ."

सरजाबाई म्हणजे संगप्पांची थोरली बहीण. देगलूरला दिलेली. उदगीरच्या धान्यबाजारात, मोंढ्यात, संगप्पांची आडत सुरू झाली त्या काळात त्यांनी ही राजदूत घेतली होती आणि तुरीच्या हंगामात तिच्यावरून सारा मुलूख पालथा घातला होता. नागपंचमीला बहिणीला माहेरी आणायचं तेही ह्याच गाडीवरून. सरजाबाई मागे एका अंगाने बसायची, मांडीवर पिशवी, आणि वाटेत दहा वेळा ओरडायची, हळू रे संगू! मग आडत मुलाच्या, वीरेशच्या हाती गेली, घरात चारचाकी आली, राजदूत गोठ्याच्या जुन्या पत्र्याखाली गेली. तिथे तिच्या टाकीत कधी पाणी शिरलं ते कोणाला कळलंही नाही.

आणि ती तिथेच पडून राहिली असती. पण मागच्या कार्तिकात एक गोष्ट घडली. संगप्पा स्कुटी घेऊन देगलूर रोडला एका सोयऱ्याकडे निघाले आणि दुपार टळून गेली तरी पोचले नाहीत. शेवटी कोणा ट्रकवाल्याचा फोन आला. नव्या रस्त्याच्या चौकात स्कुटी स्टँडला लावून शेठ नुसते उभे होते. घर कोणत्या अंगाला, ते त्यांना सांगता येईना. घरी आणल्यावर म्हणाले, "मेल्यांनी रस्ताच फिरवून टाकलाय. दिशा चुकली माजी. कुनाचीबी चुकंल." खरंही असेल बापडं. त्या चौकात उदगीरची तरणीताठी पोरंसुद्धा गोंधळतात. पण लातूरच्या डॉक्टरांनी त्यांना चार प्रश्न विचारले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं, आणि वीरेशला बाजूला घेऊन सांगितलं, वय झालंय, गाडी हातात देऊ नका. स्कुटीची किल्ली त्या दिवशी वीरेशच्या खिशात गेली ती गेलीच.

संगप्पा भांडले नाहीत. फक्त थोड्या दिवसांनी गोठ्याकडे जाऊन राजदूतवरचं पोतं त्यांनी बाजूला केलं.

"करू दे की, आई," वीरेश तेव्हा हसून म्हणाला होता. "अप्पा टाकी घासत बसले तर घरात तरी ऱ्हातील. अन् ती टाकी काय नीट व्हायलीय? भंगारवालाबी घेत न्हाई तसली."

सून अंजू बाळंतपणाला नांदेडला माहेरी गेलेली, वीरेश दिवसभर मोंढ्यात. घरात दोघंच म्हातारी. माणसाला उद्योग मिळाला म्हणून उमाबाईंनाही बरंच वाटलं होतं. पण ज्याने उभा जन्म धान्याचा एकेक दाणा हातावर घेऊन पारखला, तो हातात घेतलेलं काम अर्धवट सोडील, हे दोघांनी गृहीत तरी कसं धरलं!

टाकी उजळत आली त्याच दिवशी रामकिशन मिस्त्री दारावरून जाता जाता आत डोकावला. मागच्याच गल्लीत त्याचं गॅरेज. त्याने टाकीत डोकं घातलं आणि शीळ घातली.

"बस्स शेठ! कंपनीतून आल्यावानी झालीय. आता शिवनीतलं तेवढं काढा, सोड्याच्या पान्यानं धुवा, चांगली वाळवा. मंग मी येतो अन् आतून पेट्रोल-ऑइल फिरवतो. येकदा ऑइल फिरलं का पुन्ना गंज धरत न्हाई."

"पंचमीच्या आत व्हईल ना?"

"कामून न्हाई व्हनार? आयतवारी बसवू गाडीवर. इंजिनाचं काम तर झालंच हाय. येका किकमधी चालू!"

संगप्पा लहान लेकरासारखे हसले. उमाबाईंनी रामकिशनला चहा दिला, पण त्यांचं ध्यान कपात नव्हतं. त्यांच्या डोळ्यांसमोर देगलूर रोड होता. ते ट्रक, त्यांचे ते कर्कश भोंगे, आणि मधोमध चौकात स्टँडला लावलेली गाडी. गेल्या वेळी ट्रकवाला भला होता. दर वेळी भलाच भेटेल कशावरून? त्यांना जगाकडून दुसरं काही नको होतं. हा माणूस घरात, डोळ्यांसमोर, धडधाकट हवा होता. बस, एवढंच.

त्यांनी वीरेशला फोन लावला.

"आई, आता न्हाई म्हनलं तर रान पेटवतील," तो घाईत होता, मागे हमालांचा गलका चालला होता. "तूच बघ कायतर."

कायतर म्हणजे काय, ते त्याने सांगितलं नाही.

दुपारी संगप्पांनी टाकी सोड्याने धुतली, फडक्याने पुसली आणि वसरीत पोत्यावर उपडी घातली. आषाढाचं ढगाळ ऊन होतं, त्यात ती कितीशी वाळणार! जेवून ते आत आडवे झाले. लगेच घोरायलाही लागले.

उमाबाई भांडी आवरत होत्या. तवा हातात आला आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. तव्याला मिठाचा हात लागून तसाच राहिला तर सकाळी तवा लाल होतो. हे काय कोणी बाईला शिकवावं लागतं? त्यांनी तांब्यात पाणी घेतलं, मिठाच्या बरणीत हात घातला. मीठ विरघळेपर्यंत बोटाने ढवळत राहिल्या. छाती अशी धडधडत होती, की आतल्या माणसाला ऐकू जाईल असं त्यांना वाटलं. वसरीत येऊन त्यांनी टाकी उचलली, पाणी आत ओतलं, इकडून तिकडे हळूच फिरवलं. खळखळ झाली की थांबायचं, घोरणं ऐकायचं, पुन्हा फिरवायचं. मग पाणी मोरीत ओतून दिलं आणि टाकी होती तशी, तोंड होतं त्याच बाजूला करून, पोत्यावर ठेवली.

"सांबसदाशिवा, तुला कळतंय मी कशापाई करायले," असं त्या मोरीपाशी उभ्या राहून पुटपुटल्या. हात मात्र त्यांनी साबण लावून दोनदा धुतले.

सकाळी वसरीत खडखडाट झाला नाही. उमाबाई चहा घेऊन गेल्या तेव्हा संगप्पा टाकी मांडीवर घेऊन नुसते बसले होते. बॅटरी चालूच होती.

"काय झालं वो?"

"गंज आलाय."

"येतच असतंय की. लोखंडच त्ये."

"काल न्हवता गं." त्यांनी बोट आत घालून फिरवलं आणि तिला दाखवलं. बोट तांबडं झालं होतं. "काल मी बघितलं की. रामकिशननं बघितलं."

"पानी ऱ्हायलं असंल कुठं कोपऱ्यात."

"हाव. तसंच असंल."

ते पुन्हा चिंच मागायला आले. उमाबाईंनी दिली.

पुन्हा खडखडाट, पुन्हा सोडा, पुन्हा पोतं. या खेपेला त्यांनी टाकी फडकं घालघालून पुसली. दुपारी ते झोपले आणि उमाबाई पुन्हा मिठाच्या बरणीकडे गेल्या. दुसऱ्या वेळी छाती तेवढी धडधडली नाही. तिसऱ्या वेळी तर त्या टाकी फिरवता फिरवता संध्याकाळच्या भाजीचा विचार करत होत्या. माणसाला कशाचीही सवय होते, हे आठवून पुढे त्यांना स्वतःची किळस यायची. पण ते पुढे.

रामकिशन येऊन बघून गेला, डोकं खाजवून गेला. "अजब हाय, शेठ. धुतली म्हनताव, अन् ही तर तशीच. का धुवायचं ऱ्हाऊन गेलं?"

"धुतली रे. धुतली म्हनजे काय, अशी धुतली..." संगप्पा बोलता बोलता थांबले. त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

उमाबाईंनी ते पाहिलं. पण पंचमी जवळ आली होती. एकदा पंचमी जाऊ दे, मग बघू, असं त्यांनी मनाला बजावलं.

वीरेशला त्यांनी सगळं सांगितलं होतं. तो आधी चमकला, मग खो खो हसला. "आई, तू तर लईच पोचलेली निघालीस! बरं केलीस. असंच चालू दे."

रामकिशन येऊन गेला त्या संध्याकाळी तिघं जेवायला बसली होती. संगप्पांनी घास मोडला आणि तो ताटातच ठेवला.

"वीरेश, काल मी टाकी धुतली का रे?"

वीरेशने आईकडे पाहिलं. निमिषभरच. मग आमटीचा भुरका मारून, अगदी सहज, मोंढ्यात भाव सांगावा तसं तो म्हणाला, "काल? काल कुठं, अप्पा. काल तुमी दिवसभर पडूनच होताव. अंग कसकस करायलंय म्हनत होताव."

संगप्पांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, शंका नव्हती. पाय घसरलेला माणूस जवळचं जे सापडेल ते धरायला बघतो, तसे ते बघत होते. उमाबाईंच्या हातात आमटीची पळी होती. आता बोल, आता बोल, असं आत कोणीतरी ओरडत होतं. त्यांनी पळी भरून घेतली आणि त्यांच्या वाटीत आमटी वाढली.

"गार व्हायलीय. जेवा," त्या म्हणाल्या.

संगप्पा जेवले. जेवून उठताना एवढंच म्हणाले, "कसकस करत होतं व्हय."

दुसऱ्या दिवसापासून टाकी हलवण्याचा आवाज बंद झाला.

उमाबाईंना वाटलं होतं, आवाज थांबला की आपल्याला गाढ झोप लागेल. झालं भलतंच. घर इतकं गप्प झालं, की संगप्पा कुठे आहेत हे बघायला त्यांना सारखं उठावं लागायचं. कधी ते गॅसपाशी उभे असायचे, बटण बंद आहे का ते चाचपत. कधी दाराची कडी काढून घालून बघत. गोळी घ्यायची वेळ झाली, की हातात गोळी धरून विचारायचे, "ही आताची का सकाळचीच?" चहाचा रिकामा कप समोर असताना चहा झाला का म्हणून विचारायचे आणि कपाकडे लक्ष गेलं की एकदम ओशाळायचे. मोंढ्यातले जुने सोबती आले तर बोलायचे कमी, हो ला हो करायचे जास्ती. चुकून काही चुकीचं बोलू, याची त्यांना धास्ती बसली होती. ज्या माणसाच्या शब्दावर गाड्याच्या गाड्या माल उतरायचा, तो माणूस आता वाक्य बोलायच्या आधी बायकोच्या तोंडाकडे बघायचा.

एका सोमवारी त्यांनी ताटावर बसून भाकरीला हात लावला नाही.

"काय झालं? मीठ कमी पडलं व्हय?" उमाबाईंनी विचारलं.

"माझी पूजा झाली का गं?"

बारा महिने तेरा काळ, अंगात ताप असो की घरात मयत असो, अंघोळ करून गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजल्याखेरीज या माणसाच्या तोंडात पाण्याचा थेंब गेला नव्हता. आजही गेला नव्हता. त्या स्वतः बेलाची पानं देऊन आल्या होत्या. संगप्पांच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे अजून ओलसर होते. सगळ्या जगाला दिसत होते. त्यांचे त्यांनाच तेवढे दिसत नव्हते.

"झाली की. कपाळाला हात लावून बघा."

त्यांनी हात लावला. बोटांना लागलेली विभूती बघितली.

"ही कालची असंल," ते म्हणाले आणि ताटावरून उठले. पुन्हा अंघोळीला गेले. न्हाणीघरातून पाणी पडल्याचा आवाज येत राहिला आणि उमाबाई त्या भरल्या ताटापुढे बसून रडल्या. तोंडात पदर कोंबून, आवाज बाहेर जाऊ न देता रडल्या.

संध्याकाळी त्यांनी वीरेशला दारातच गाठलं.

"मी त्येन्ला खरं सांगनार हाव."

"आता?" वीरेश वैतागला. "आता कशाला? गाडीचं नावसुद्धा काढीनात. आपल्याला हेच पायजे होतं की."

"मला हे न्हवतं पायजे रे!"

"आई, त्येंचं व्हायलंच होतं. तू मीठ टाकलीस म्हनून न्हाई झालं. डॉक्टरनं सांगितलंच होतं की."

ते खरं असेलही. पण खरं असो नसो, उमाबाईंना आता कळायला मार्गच उरला नव्हता. किती त्या माणसाचं आपलं होतं आणि किती आपण घातलेलं, हे वेगळं कसं करायचं?

त्यांनी एक ठरवलं. नुसतं तोंडाने सांगून भागायचं नाही. डोळ्यांना दाखवायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी त्यांनी स्वतःच वसरीत आणली. बादली, चिंच, सोडा, नटबोल्ट, सगळं मांडलं. संगप्पा नको नको म्हणत होते.

"कशाला? पुन्ना येतंयच ते."

"येकदा करू की. मी बसते संगं."

त्या खरंच समोर पाट घेऊन बसल्या. संगप्पांचे हात आधी कचरत होते, मग त्यांना काम सापडलं. बोळा ठासला, टाकी मांडीवर घेतली. खडखडाट पुन्हा गल्लीभर गेला. उमाबाईंना तो आज सनईसारखा गोड वाटला. मध्येच संगप्पा दमले तेव्हा टाकी उमाबाईंनी आपल्या मांडीवर घेतली आणि स्वतः हलवली, तर संगप्पा कितीतरी दिवसांनी हसले. "अगं, लेकराला जोजवल्यावानी नको. जोरात!" दुपारपर्यंत शिवणीतलाही गंज निघाला. सोड्याने धुऊन, पुसून, त्यांनी टाकी आत आणून पाटावर ठेवली.

"आता बघा बरं आत. कशी हाय? नीट ध्यानात ठेवा."

"पांढरीफेक हाय."

"उद्या सकाळी बघायचं."

त्या दिवशी मिठाच्या बरणीला त्यांनी स्वयंपाकापुरताच हात लावला.

सकाळी पूजा झाली तशी उमाबाईंनी संगप्पांना हाताला धरून टाकीपाशी आणलं. बॅटरी स्वतः धरली. आत कुठे बारीक तांबूस झाक धरली असेल नसेल, बाकी लोखंड कालच्यासारखं पांढरं होतं. त्यांनी संगप्पांच्या तोंडाकडे पाहिलं. आता हा माणूस उजळेल, आता म्हणेल, बघ, मी म्हनलो न्हवतो?

संगप्पांनी आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मान वर केली. त्यांचे डोळे मऊ झाले होते.

"मी झोपल्यावर तू घासलीस," ते म्हणाले. "किती करतीस गं माझं."

"न्हाई वो! मी हातसुद्धा लावला न्हाई. कालपासनं तशीच हाय. ऐका माझं." शब्द उमाबाईंच्या तोंडातून भराभर पडायला लागले. "गंज आपोआप येत न्हवता. मी आनत होते. तुमी झोपलाव का मी मिठाचं पानी घालत होते आत. रोज. तुमी गाडीवर जाऊ नये म्हनून. तुमी धुतलेलं समदं खरं होतं. तुमाला कायबी झालं न्हाई."

"उगं कायतर सांगू नको."

"खरं सांगायले."

"आन वीरेश? त्यो म्हनला, मी दिवसभर पडून होतो."

"त्योबी खोटं बोलला."

संगप्पांनी मान हलवली. लहान पोराची समजूत घालावी तसं हळू ते म्हणाले, "त्यो खोटा, तू खोटी, घरातले समदे खोटे, आन मी येकटाच खरा. असं कुठं असतंय का?"

उमाबाईंनी पदराआड हात घातला, गळ्यातली चांदीची डबी ओढून काढली आणि उघडली. आपलं लिंग त्यांनी तळहातावर घेतलं. लग्नाच्या आधीपासून ते त्यांच्या अंगावर होतं आणि मातीत जायचं तेही त्यांच्याबरोबरच. त्याला हातात घेऊन कोणी खोटं बोलत नाही. त्यांच्या घरात काय, साऱ्या गणगोतात कोणी कधी बोललं नव्हतं.

"हे हातात घेऊन सांगते. मी मीठ टाकलं. मी टाकलं. आता तरी—"

संगप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी झपकन पुढे होऊन तिची मूठ आपल्या दोन्ही हातांत मिटली, घट्ट, जणू आतून काहीतरी निसटून जाईल.

"काय करायलीस हे! माझ्यासाठी लिंग हातात घेऊन खोटी शपथ?" त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "इतकं वाईट झालंय व्हय माझं?"

"अवो, खोटी न्हाई..."

"बास. बास आता. बोलू नको." त्यांनी तिची मिटलेली मूठ कपाळाला लावली आणि डोळे मिटून पुटपुटले, "हिच्यावर धरू नको, देवा. माझ्यापाई बोलली."

उमाबाईंनी हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. त्यांनी सोडला नाही. बऱ्याच वेळाने त्यांनीच तिची मूठ उघडली, लिंग डबीत नीट ठेवलं, डबी बंद करून तिच्या पदराआड सरकवली. मग ते भिंतीला टेकून खाली बसले. अगदी शांत. इतके दिवस चेहऱ्यावर असलेली ती धास्तीसुद्धा आता दिसत नव्हती.

"पंचमीला सरजाला आनायला वीरेशला पाठव," ते म्हणाले. "ती टाकी दे रामकिशनला. आन मला आता तूच सांगत जा समदं. मी काय केलो, काय न्हाई केलो. तू सांगशील ते मी धरून चालतो."

उमाबाई उभ्याच होत्या. ओरडावं, टाकी उचलून अंगणात फेकावी, स्वतःच्या तोंडात मारून घ्यावं, असं काय काय त्यांच्या मनात आलं. त्यातलं काही केलं तरी संगप्पा त्यालाही मायाच म्हणणार होते.

संगप्पांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि वर बघून विचारलं, "मला भूक लागली असंल का गं आता?"

"लागली असंल," उमाबाई म्हणाल्या आणि भाकरी आणायला आत गेल्या.